आर्कहॅम हॉरर : शत्रूला चकवून नक्की मिळते काय?

दुपारचा चहा (धागाकर्ते)

नमस्कार. दिवाळीच्या सुटीपासून मी आणि माझी पुतणी 'आर्कहॅम हॉरर : द कार्ड गेम' खेळत आहोत. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फँटसी फ्लाइट गेम्सचा हा 2016 सालचा पत्त्यांचा खेळ आहे. यात खेळाडू एकमेकांविरुद्ध नसतात, सर्व जण एका बाजूला आणि खेळ दुसऱ्या बाजूला असतो. कथा 1920 च्या दशकातल्या मॅसॅच्युसेट्समधील एका काल्पनिक गावात घडते. मी रोलंड बँक्स हा सरकारी तपासनीस घेतो, तर पुतणी वेंडी ॲडम्स ही अनाथ मुलगी घेते.

'द गॅदरिंग' या पहिल्याच प्रकरणात वेंडी तळघरात असताना तिच्या वाट्याला रॅव्हनस घूल हा राक्षसी शत्रू आला. पुतणीने दर फेरीत एक ॲक्शन (कृती) खर्चून त्याला इव्हेड केले, म्हणजे चकवले, आणि उरलेल्या दोन ॲक्शन क्लू (पुरावे) शोधण्यात घालवल्या. फेरी संपताना घूल पुन्हा उभा राहायचा आणि पुन्हा तिच्या गळ्यात पडायचा. असे तीन फेऱ्या चालले. प्रत्येक चाचणीत पिशवीतून एक टोकन काढून त्याचा आकडा आपल्या गुणात मिळवायचा आणि समोरचे मूल्य गाठायचे असते. चौथ्या फेरीत पिशवीतून नेमके आपोआप अपयशाचे टोकन निघाले आणि तिथून आमचा डाव घसरला तो सावरलाच नाही.

माझ्या शंका अशा आहेत. पहिली, चकवलेला शत्रू त्याच फेरीत परत भिडतो हे आम्ही बरोबर खेळलो का? दुसरी, एकदा घूल मिनियन माझ्या अंगावर होता, पण माझी चपळाई 2 आणि वेंडीची 4 असल्याने माझ्या वतीने तिनेच त्याला चकवले, हे चालते का? तिसरी शंका खरी महत्त्वाची आहे. मारलेला शत्रू कायमचा जातो आणि चकवलेला पुन्हा येतो, मग चकवणे म्हणजे केवळ व्याज भरत राहणे आणि मुद्दल तसेच ठेवणे नव्हे काय?

खारीबिस्किट

शीर्षक वाचून मला वाटले की धागा चीन सीमेबद्दल आहे.

निशाचर

पहिल्या शंकेचे उत्तर : बरोबर खेळलात. फेरीचे चार टप्पे असतात. आधी मिथॉस (नवी संकटे येतात), मग तपासाचा टप्पा (प्रत्येकी तीन ॲक्शन), मग शत्रूंचा टप्पा आणि शेवटी आवराआवर. इव्हेड यशस्वी झाले की दोन गोष्टी एकदम होतात : शत्रूचा पत्ता आडवा होतो आणि तो तुमच्या समोरून सुटून त्या ठिकाणी नुसता पडून राहतो. आडवा शत्रू हल्ला करत नाही, आपण होऊन भिडत नाही, आणि शिकारी, म्हणजे मागावर येणारा, असला तरी जागचा हलत नाही. त्यामुळे त्या फेरीतला शत्रूंचा टप्पा तुम्हाला बिनधोक जातो. आवराआवरीत सर्व आडवे पत्ते सरळ होतात, आणि सरळ झालेल्या शत्रूच्या ठिकाणी कोणी तपासनीस उभा असेल तर तो तत्काळ त्याला भिडतो.

दुसऱ्या शंकेचे उत्तर मात्र नाही असे आहे. इव्हेडची ॲक्शन फक्त स्वतःला भिडलेल्या शत्रूवर वापरता येते. तुमच्या अंगावरचा घूल वेंडीला चकवायचा असेल तर तिने आधी एंगेजची ॲक्शन खर्चून त्याला स्वतःकडे ओढून घ्यायला हवे आणि मगच चकवायला हवे. पत्त्यांवरच्या मजकुराने याला अपवाद होतात. मूळ संचातल्या भटक्या मांजरीचा पत्ता टाकून दिला तर आपल्या ठिकाणचा कोणताही एलिट (बडा) नसलेला शत्रू आपोआप चकवला जातो, मग तो कोणालाही भिडलेला असो.

सोनचाफा

मांजर टाकून देणे हे शब्द वाचून दर वेळी वाईट वाटते. मी तिला हातात घेते आणि डाव हरेपर्यंत टाकत नाही.

दक्षिणमुखी

चहाकाका, तिसऱ्या शंकेत मी तुमच्या बाजूचा आहे. मी कायम गार्डियन (लढवय्ये पात्र) खेळतो आणि माझे मत असे की मेलेला शत्रू हाच एकमेव विश्वासार्ह शत्रू. प्रत्येक इव्हेडला एक चाचणी, प्रत्येक चाचणीला एक टोकन, आणि प्रत्येक टोकनामागे पिशवीत तो आपोआप अपयशाचा गोळा बसलेलाच आहे. जितक्या वेळा पिशवीत हात घालाल तितक्या वेळा तो निघण्याची शक्यता तुम्हीच निर्माण करता. शिवाय चकवलेल्या शत्रूवर रोलंडला क्लू मिळत नाही, तो शत्रू पराभूत केल्यावरच मिळतो.

मोडी

विषयांतराबद्दल क्षमस्व. आमच्या गटात इव्हेडला 'हुलकावणी' म्हणावे की 'चकवणे' यावर एक संपूर्ण रात्र गेली होती. मला 'हुलकावणी' अधिक योग्य वाटते, कारण हुलकावणी दिलेला माणूस तिथेच उभा राहतो आणि थोड्या वेळाने भानावर येतो, तर चकवा लागलेला माणूस रात्रभर रानात भटकतो. एंगेजला 'भिडणे' हा शब्द चपखल आहे. अटॅक ऑफ ऑपर्च्युनिटीला आम्ही 'आयता फटका' म्हणतो आणि आता मूळ नाव आठवायला वेळ लागतो.

निशाचर

'आयता फटका' आवडले, यापुढे तेच वापरतो. तो नियमही इथे नोंदवतो, कारण नवख्यांची निम्मी हानी त्यातून होते. उभा शत्रू तुम्हाला भिडलेला असताना तुम्ही लढणे, चकवणे, वाटाघाट किंवा माघार यांखेरीज दुसरी कोणतीही ॲक्शन घेतलीत तर असा प्रत्येक शत्रू तुम्हाला एक आयता फटका देतो. क्लू शोधणे, सरकणे, पत्ता खेळणे, पत्ता किंवा पैसे घेणे, इतकेच काय दुसऱ्या शत्रूला एंगेज करणे, हे सारे त्यात आले. आणि असा फटका दिल्यावर शत्रू आडवा होत नाही, म्हणजे शत्रूंच्या टप्प्यात तोच पुन्हा हल्ला करतो. 'एक फटका खाऊन पटकन पिस्तूल खेळतो' असे म्हणणारे दोन फटके खातात.

अभ्यासू गवा

मते झाली, आता जरा आकडे मांडू या. मूळ संचाच्या स्टँडर्ड पातळीवर पिशवीत 16 टोकन असतात : एक +1, दोन शून्य, तीन −1, दोन −2, एक −3, एक −4, दोन कवट्या, एक कल्टिस्ट, एक टॅब्लेट, एक आपोआप अपयश आणि एक एल्डर साइन. 'द गॅदरिंग'मध्ये कवटीची किंमत तुमच्या ठिकाणी असलेल्या घूलांइतकी वजा, कल्टिस्ट −1 आणि टॅब्लेट −2 असते.

रॅव्हनस घूलचे लढाईमूल्य 3, प्राण 3 आणि चकवण्याचे मूल्य 3 आहे. वेंडीची लढाई 1 आहे. म्हणजे नुसत्या हाताने लढायचे तर तिला किमान +2 हवे, आणि पिशवीत तसे टोकनच नाही. तिच्या एल्डर साइनची किंमत शून्य आहे, तिच्या ताईताचा पत्ता आधीच समोर मांडलेला असेल तरच ते आपोआप यश देते. थोडक्यात, 16 पैकी 0. दक्षिणमुखी, तुमचा विश्वासार्ह शत्रू वेंडीच्या हातून मरणार नाही.

चकवताना मात्र तिची चपळाई 4 आहे. एकच घूल तिथे असेल तर 16 पैकी 10 टोकन तिला यश देतात. हातातून चपळाईचे एक चिन्ह असलेला पत्ता चाचणीला जोडला तर 13. याशिवाय हातातला एक पत्ता टाकून निघालेले टोकन रद्द करण्याची आणि दुसरे काढण्याची तिची स्वतःची ताकद आहे. ती धरली तर काहीही न जोडता यशाची शक्यता साधारण 62 टक्क्यांवरून 86 टक्क्यांवर जाते, आणि हे आपोआप अपयशाच्या टोकनालाही लागू आहे. काका, त्या चौथ्या फेरीत तिने पत्ता का टाकला नाही?

दुपारचा चहा

हातात एकही पत्ता उरला नव्हता. सगळे पत्ते तिने आधीच्या तीन फेऱ्यांत क्लू शोधण्याच्या चाचण्यांवर लावून संपवले होते.

सोनचाफा

मी एकटीनेच खेळते, त्यामुळे माझ्याकडे 'मारणारा सोबती' हा पर्यायच नसतो. एकट्याच्या डावात चकवणे हीच अर्धी खेळी असते, पण ती कोणत्या शत्रूवर वापरायची हे पत्ता वाचून ठरवावे लागते. उंदरांच्या झुंडीला चकवायला 3 लागतात आणि मारायला 1, त्यातून तिला प्राणही एकच, म्हणून तिला चकवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. उलट फ्लेश-ईटरला मारायला 4 चे मूल्य आणि 4 प्राण, पण चकवायला अवघा 1. पत्त्यावर डावीकडे लढाईमूल्य आणि उजवीकडे चकवण्याचे मूल्य छापलेले असते. या दोन आकड्यांतला फरकच तुम्हाला सांगतो की हा शत्रू चपळ आहे की नुसता धिप्पाड.

दुसरी गोष्ट शिकाऱ्यांची. शिकारी शत्रू शत्रूंच्या टप्प्यात आधी एक ठिकाण सरकतो, पोचला तर भिडतो आणि त्याच टप्प्यात हल्लाही करतो. म्हणून त्याला चकवून शेजारच्या खोलीत थांबणे निरुपयोगी ठरते. चकवून दोन ठिकाणे दूर गेलात तर त्या फेरीत तो आडवा, पुढच्या फेरीत तो एकच ठिकाण सरकतो आणि तुमच्यापर्यंत पोचत नाही. एका ॲक्शनच्या चकव्यात जवळपास दोन फेऱ्यांची उसंत मिळते. रॅव्हनस घूल तर शिकारीही नाही. त्याच्या खोलीतून बाहेर पडलात की विषय संपला.

दक्षिणमुखी

गव्याचे गणित मान्य, पण सोनचाफा, चार जणांच्या डावात हे चालत नाही. तिथे मिथॉसमध्ये दर फेरीला चार पत्ते निघतात आणि चकवून सोडून दिलेले शत्रू नकाशावर तुंबत जातात. मग कोणीतरी त्या खोलीत परत जातो आणि दोघा-तिघांच्या तावडीत सापडतो. मी दुसऱ्याच्या अंगावरचे शत्रू एंगेज करून स्वतःवर घेतो आणि संपवतो. यात आणखी एक फायदा आहे : माचेते या कोयत्याचा जादा घाव फक्त तेव्हाच बसतो जेव्हा ज्याच्यावर वार केला तो एकटाच शत्रू तुम्हाला भिडलेला असतो. म्हणून एंगेजवर घालवलेली ॲक्शन वाया गेली असे मी मानत नाही.

तळटीप

या निमित्ताने 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या 2011 सालच्या पत्त्यांच्या खेळाची आठवण झाली. नेट फ्रेंच यांचा हात दोन्ही खेळांच्या रचनेत आहे, पण भिडण्याची कल्पना अगदी उलटी आहे. तिथे शत्रू सर्वांच्या मध्ये, स्टेजिंग एरियात पडून राहतो आणि प्रत्येक शत्रूवर भिडण्याचा एक आकडा छापलेला असतो. तुमची धोक्याची पातळी त्या आकड्याला पोचली की तो आपणहून तुमच्यावर येतो, तोवर तुम्ही त्याच्या नजरेत भरत नाही. म्हणजे तिथे चकवणे ही ॲक्शन नसून एक राहणी आहे : हलके नायक घ्या, धोका कमी ठेवा आणि लपून राहा. मात्र न भिडलेला शत्रू मध्येच बसून मोहिमेत अडथळा वाढवत राहतो. आर्कहॅममध्ये चकवलेला साधा शत्रू रिकाम्या खोलीत पडून राहिला तर बहुधा कोणाचेच काही बिघडत नाही.

निशाचर

'बहुधा' हा शब्द तुम्ही घातलात हे बरे झाले. ॲकोलाइट या शत्रूवर डूमचे (विनाशाचे) टोकन असते, तो कोपऱ्यात एकटा बसूनही अजेंडा, म्हणजे खेळाच्या बाजूची कथा, पुढे ढकलतो, त्याला शोधून मारावेच लागते. 'अलूफ' शत्रू ही आणखी निराळी जात आहे. तो आपणहून भिडतच नाही, पण कोणालाही भिडलेला नसताना त्याच्यावर हल्लाही करता येत नाही. डनविचच्या कथेतला व्हिपूरविल पक्षी आठवा : प्राण 1, मारायला 1, पण जिथे असेल तिथल्या प्रत्येकाचे सर्व गुण एकाने कमी करतो. आधी एंगेज, मग लढाई, अशा दोन ॲक्शन त्या एवढ्याशा पाखरावर जातात.

खारीबिस्किट

लग्नघरातल्या त्या एका आत्याबाई. कोणाशी भांडत नाहीत, पण असतील त्या खोलीत सगळ्यांचा उत्साह एकाने कमी.

मोडी

आणि त्यांना गप्प करायचे तर आधी आपणच जाऊन बोलावे लागते. नियम तंतोतंत जुळतो.

सोनचाफा

मारण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी 'द फरगॉटन एज' एकदा तरी खेळावे. मेक्सिकोच्या जंगलातल्या त्या मोहिमेत काही सर्पशत्रूंवर 'व्हेंजन्स' छापलेले असते, म्हणजे मारलात की सूडाचे गुण साठतात आणि पुढे खेळ ते वसूल करतो. त्याच मोहिमेत 'अलर्ट' हा शब्दही येतो : अशा शत्रूला चकवण्याचा प्रयत्न फसला की तो लगेच हल्ला करतो. म्हणजे मारणे महाग आणि चकवणे जोखमीचे.

अभ्यासू गवा

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण काकांचे उत्तर वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळत होती. पत्ते क्लूवर लावून संपले असे ते म्हणतात. तळघराचा श्राउड (तिथे क्लू शोधण्याची काठिण्यपातळी) 4 आहे आणि वेंडीची बुद्धी 3. म्हणजे काहीही न जोडता 16 पैकी फक्त +1 हे एकच टोकन तिला क्लू देते. त्या तीन फेऱ्यांतल्या सहा शोधांपैकी किती यशस्वी झाले असतील? चकवण्याच्या तीनही चाचण्या जमल्या होत्या, डाव बुडाला तो उरलेल्या सहांमुळे. काका, फ्लॅशलाइट (शोध सोपा करणारा पत्ता) होती का?

दुपारचा चहा

एक क्लू मिळाला होता. फ्लॅशलाइट होती, पण ती माझ्याकडे होती आणि मी हॉलवेत उभा राहून पैसे गोळा करत होतो. हे लिहिताना फार बरे वाटत नाही.

निशाचर

मग पुढच्या वेळी असे करून पाहा. तपासाच्या टप्प्यात कोणी आधी खेळायचे हे तुम्हीच ठरवता, म्हणून वेंडीला आधी खेळू द्या. एका ॲक्शनमध्ये ती घूलला चकवते, दुसरीत हॉलवेत येते, तिसरीत पोटमाळ्यावर जाते. तिथला श्राउड 1 आहे आणि दोघांच्या डावात क्लू चार आहेत. चढताना तिला एक हॉरर (मनावरचा घाव) बसतो, तो सोसावा. मग तुम्ही .45 ऑटोमॅटिक घेऊन तळघरात उतरा. उतरताना एक डॅमेज (शरीरावरचा घाव) बसतो, पण घूल आडवा असल्याने तो तुम्हाला भिडत नाही. उरलेल्या दोन ॲक्शनमध्ये दोन गोळ्या झाडा. प्रत्येक गोळीचे दोन घाव आणि त्याचे प्राण तीन. मेला की रोलंडच्या ताकदीने तळघरातला एक क्लू श्राउडला हात न लावता मिळतो.

अभ्यासू गवा

पिस्तुलासह तुमची लढाई 5, त्याचे मूल्य 3. प्रत्येक गोळीला 16 पैकी 13 टोकन अनुकूल, म्हणजे दोन्ही लागण्याची शक्यता साधारण 66 टक्के. एक चुकली तरी आवराआवरीत तो उठून तुम्हालाच भिडेल, आणि तो तुमच्या अंगावर असण्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही.

यातला कमी दिसणारा फायदाही सांगतो. शत्रू वेंडीला भिडलेला असताना तुम्ही त्याच्यावर झाडलेली गोळी चुकली तर ते दोन्ही घाव वेंडीला बसतात. तिने आधी चकवलेला असेल तर चुकलेली गोळी भिंतीत जाते. म्हणजे चकवण्याने मारणाऱ्याचाही हात मोकळा होतो.

दक्षिणमुखी

हे मात्र मला सुचले नव्हते. मी दर वेळी आधी एंगेज करून मगच वार करत आलो आहे, त्यात एक ॲक्शन जात होती. माचेतेसाठी एंगेज हवेच, पण पिस्तूल असेल तर गरज नाही. माझ्या गटातल्या, फिन एडवर्ड्स हे पात्र घेणाऱ्याला आज फोन करून क्षमा मागतो. त्याला दर फेरीत केवळ चकवण्यासाठी एक जादा ॲक्शन मिळते आणि मी ती वर्षभर थट्टेवारी नेली.

दुपारचा चहा

काल रात्री जेवणानंतर डाव पुन्हा मांडला. घूल अर्थातच ठरल्या वेळी, ठरल्या जागी आला नाही. तो पोटमाळ्यावर निघाला आणि तळघरात आईसी घूल आला. पण बेत तोच ठेवला. पुतणी चकवून खाली पळाली, मी फ्लॅशलाइट तिच्या आधी वापरायची नाही असे कबूल करून वर गेलो. पहिली गोळी लागली, दुसरीला आपोआप अपयश निघाले, घूल उठून माझ्या अंगावर आला आणि पुढच्या फेरीत मेला. सहा क्लू जमले आणि अडथळा हटला.

मग हॉलवेत घूल प्रीस्ट उभा राहिला. दोघांच्या डावात त्याला प्राण 10, चकवायला 4, शिवाय 'रिटॅलिएट', म्हणजे वार चुकला की तो उलट हल्ला करतो. तो मलाच भिडला होता, म्हणून पुतणीने आधी त्याला एंगेज करून स्वतःकडे घेतले आणि मग चकवले. आडव्या शत्रूचा रिटॅलिएट चालत नाही हे मी या वेळी नियमपुस्तिकेत आधीच पाहून ठेवले होते, त्यामुळे माझी एक गोळी चुकली तरी काही झाले नाही. आता डाव त्याच स्थितीत टेबलावर ठेवला आहे आणि वर वर्तमानपत्र पांघरले आहे. एक शंका उरली आहे. आम्ही दोघेही हॉलवेत आहोत, आवराआवरीत प्रीस्ट सरळ होईल, तेव्हा तो कोणाला भिडेल? आम्ही ठरवायचे का?

निशाचर

एकाच ठिकाणी अनेक तपासनीस असतील तर पत्त्यावरचा 'प्रे' पाहायचा, तो नसेल तरच तुम्ही ठरवायचे. प्रीस्टचा 'प्रे' आहे सर्वांत जास्त लढाई असलेला तपासनीस. वेंडीची 1, रोलंडची 4. तेव्हा तुम्हीच.

दुपारचा चहा

पुतणीने हे उत्तर दोनदा मोठ्याने वाचून दाखवले.